सहा अक्षरं

माझ्या बापाला सहाच अक्षरं येतात.
महान. छिंग. बादशहाच्या नावाची दोन.
वर्ष. घडवले.
जिंगदेझेनच्या आमच्या गल्लीत
पालथ्या भांड्यांच्या बुडांवर तो ती काढतो,
दिवसाला तीनशे बुडं.
लिहिताना काळपट असतात,
आगीतून येतात तेव्हा निळी.
तो म्हणतो, माझं अक्षर मी पाहत नाही,
आग पाहते.

मी बेडूक करते.
दोन साच्यांतले दोन अर्धे पातळ मातीने सांधायचे,
बांबूच्या सुईने पाठीवर एक भोक, ओठात एक.
पाठीचं भोक बोटाने दाबलं
की पाणी आत थांबतं,
बोट उचललं की थेंब
शाईच्या दगडावर.
तेवढ्या वेळात म्हणे पंडित शब्द बदलतात.
आमच्या गल्लीत शाईचा दगड कुणाकडेच नाही.

शेजारचा वान लिआंगफू
कुंचला टेकवायचे डोंगर करतो, पाच शिखरांचे.
कधी डोंगर चढलेला नाही.
पाइनचं सरपण उतरवणाऱ्यांना विचारतो,
वर काय असतं?
वारा, ते म्हणतात. आणि जळवा.
जळवा काही त्याने अजून केल्या नाहीत.

नवव्या महिन्यात पत्र आलं.
दादा माल घेऊन नावेवर गेला होता,
पोयांग सरोवराच्या पार.
दादालाही लिहिता येत नाही,
म्हणजे हे दुसऱ्या कुणी लिहिलेलं.
यावर आम्ही दोघंही काही बोललो नाही.

बापाने हात धुतले, पुसले,
कागद गुडघ्यावर पसरला
आणि ओळीवरून बोट खाली आणत आणत
आपली अक्षरं शोधू लागला.
'वर्ष' सापडलं. मग पुन्हा एकदा 'वर्ष'.
शेवटच्या ओळीत 'महान',
पण पत्रात ते नुसतं 'मोठं' असणार.
मोठं काय?
पूर? भाडं? मुलगा झाला, मोठा?

चहाच्या दुकानातला म्हातारा शू
तीन नाण्यांत वाचून देतो.
उद्या जाऊ, बाप म्हणाला.
परवाही तेच म्हणाला होता.

वाऱ्याने कागद उडू नये म्हणून
मी त्यावर बेडूक ठेवला,
भट्टीत एक पाय वाकडा झालेला,
विकला न जाणारा. त्यात पाणी होतं.
त्याने तो उचलला, तिरका धरला
पत्राच्या वर, वीतभर,
पाठीवर अंगठा दाबून.

थेंब ओठाशी आला.
दिवा बारीक झाला, मी तेल घातलं.
त्याने अंगठा उचलला नाही.