पेटीचं माप

पेरिस्कोप मोडला तो पाण्याखाली नाही.
पाण्याखाली ती चार मीटर जाऊन आली होती,
शाळेमागच्या तळ्यात, गाळाला नाक लावून,
एकही बुडबुडा न सोडता.
मोडला परतीच्या वाटेवर,
गाडीच्या डिकीत, जुन्या टॉवेलात गुंडाळलेला,
मासळीबाजाराच्या दगडी फरसबंदीवर.
टक्.
हिनर्क पुढच्या वळणापर्यंत काही बोलला नाही.
मग म्हणाला, "पेटी करायला हवी."

एकोणतीस वर्षं तो कीलच्या गोदीत
खऱ्या पाणबुड्यांची पोटं सांधत होता.
काय सांधलंस आज, मी विचारायची.
"लोखंड," म्हणायचा, आणि बटाट्यांचं भांडं पुढे ओढायचा.
गुपिताच्या कागदावर सही होती त्याची.
तोंडाला कुलूप असलेल्या माणसाशी संसार केला की
बूट काढण्याच्या आवाजावरून
हवामान ओळखता येऊ लागतं.

आता गॅरेजात, एक मीटर बारा सेंटिमीटरच्या
त्या काळ्या बाईसमोर
तो शिंप्यासारखा उभा, गळ्यात टेप,
आणि मी आकडे लिहून घ्यायला.
काय काय सांगतोय!
"हे बाजूचे पर. यांच्यावर वजन टेकता कामा नये.
शेपटाचा पंखा हवेत राहू दे, कशालाच लागू नये.
भार घ्यायचा तो दोनच ठिकाणी, इथे आणि इथे,
जिथे आतून कडं आहे."
"आतून कडं असतं?"
"असतं," म्हणाला. आणि थांबला.
कानामागे नसलेली पेन्सिल कानामागे शोधली.

बर्चचं प्लायवूड, नऊ मिलिमीटर.
कोपऱ्यांना पितळ. बिजागऱ्या तीन, दोन पुरल्या असत्या.
तळाला भोकं, कारण ओली बोट कोंडायची नसते.
बॅटरीला पत्र्याचा वेगळा डबा, तिचा स्वभाव तापट.

फोमचा भाव ऐकून त्यानं दुकानदाराला
नुसता नमस्कार केला,
आणि माळ्यावरून येल्टोची गादी उतरवली.
येल्टो आमचा मुलगा. ब्रेमेनच्या इस्पितळात रात्रपाळीला.
गोदीत पाऊल ठेवणार नाही म्हणाला सतराव्या वर्षी,
त्या दाराची चौकट अजून नीट बसत नाही.

रविवारी माझी विजेची सुरी मिळेना.
मांस थंड होत होतं. गॅरेजातून घरघर.
ओरडायच्या तयारीनं दार उघडलं, तर
हा गुडघ्यांवर, केसांत फोमचा भुगा,
आणि गादीचा मधला तुकडा
कापून बाजूला, गुंडाळून, सुतळीनं बांधलेला.
"तिथे दबलाय फोम," माझ्याकडे न बघता म्हणाला,
"भार घेणार नाही."
मी पाहिलं. खरंच दबला होता.
कुशीवर, गुडघे पोटाशी घेऊन
झोपायचा मुलगा.

रात्री पहिल्यांदा बोट पेटीत निजवली, तर
पंखा टेकला. दुसऱ्यांदाही.
हिनर्क बराच वेळ टेप उलगडत, गुंडाळत राहिला.
मग त्यानं फोन लावला. स्वतः.
"येल्टो, तुमच्याकडे, ते म्हातारे पडून असतात महिने महिने,
त्यांना जखमा होऊ नयेत म्हणून
गादीत काय करता तुम्ही?"

पलीकडून काय आलं मला ऐकू गेलं नाही.
हा फक्त हं, हं म्हणत प्लायवूडवर लिहीत होता:
टाच अधांतरी. भार पोटरीखाली पसरून.
दर दोन तासांनी कूस.
"हिला कूस नको," हा म्हणाला, आणि हसला,
आणि पलीकडेही कुणीतरी हसल्यासारखं वाटलं.
चाळीस मिनिटं.
मी सुरी दोनदा धुतली.
शेवटी आवाज खाली आणून तो सांगू लागला
की आतून कडं का असतं,
किती अंतरावर असतं,
आणि मी दार लोटून घेतलं.

पेटी छान झाली आहे. उचलायला दोघं लागतात.
तळ्यावर बोट बुडी मारते तेव्हा
ती काठावर उघडी पडून असते,
आत बोटीच्या आकाराचा खळगा,
त्यात एकदा बदकाचं पीस सापडलं.
झाकणाच्या आत पेन्सिलीनं लिहिलेलं तसंच आहे:
टाच अधांतरी.
त्यावर वॉर्निश मारलंय. मी पुसू नये म्हणून असेल.