बाहेरून मदत नाही

सावद्याच्या स्टेशनाकडे जाताना वजनकाट्याच्या अलीकडे
माझं दुकान. ताडपत्री शिवतो. एकतीस वर्षं.
दिल्लीला जाणाऱ्या केळीच्या ट्रकांवर
माझी शिवण लांबून ओळखू येते:
कोपऱ्याला दुहेरी, आणि गाठ आतल्या बाजूला.

आमच्याकडे वारा म्हणजे पंचनामा.
जूनमध्ये अर्ध्या तासात
खोडं आडवी, घड मातीत,
सकाळी तलाठी बांधावर, काखेत वही.
वाऱ्याला इथं कुणी ये म्हणत नाही.

प्रणोती मात्र मुद्दाम तिथं गेली
जिथं पृथ्वीवरचा सगळा वारा राहतो,
अगदी खाली, दक्षिणेच्या समुद्रात.
होडीत एकटी. जगाला वळसा घालायचा
आणि मधे कुठंच टेकायचं नाही.
अकरा देशांचे सतरा जण, त्यात ही एक निकुंभ.
मला विचारलं नव्हतं.
विचारलं असतं तर नाही म्हणालो असतो,
तेही तिला ठाऊक होतं.

मोबाइलवर तिचा हिरवा ठिपका.
चार तासांनी एकदा सरकतो.
रमजान पिंजारी चहा घेऊन येतो, मान वाकडी करून बघतो,
"कुठपावत आली पोरगी?"
जशी काही भुसावळहून एसटीनं येऊ राह्यली.
मी म्हणतो, "अजून समुद्रच."

मंगळवारी ठिपका मंदावला. चौदा नॉटचे पाच.
मागचा पोलंडचा गडी तिला ओलांडून पुढं.
रात्री फोन. तिच्या मागं
पत्रे उडत असल्यासारखा आवाज.
"नाना, मोठं शीड फाटलं. साडेबारा फूट.
जुन्या शिवणीला धरूनच गेलंय."

मला बसल्या जागी दिसलं.
फाट संपते तिच्याही पुढं चार बोटं जायचं,
तिथं आधी टाका घालून तिला थांबवायचं,
मग मागं मागं येत राहायचं.
दोऱ्याला मेण. ओढ सैल,
घट्ट आवळलं की कापड टाक्यालाच धरून फाटतं.
एकतीस वर्षं सगळी जिभेवर आली
आणि तिथंच बसून राहिली.

कारण नियम: बाहेरून मदत नाही.
एक शब्द सांगितला तरी बाद.
फोन तिकडे कुणीतरी ऐकत असतं.
तीही विचारत नव्हती, नुसतं सांगत होती.

मी म्हणालो, "अस्सं."
मग म्हणालो, "जेवलीस का?"
मग केळीचा भाव सांगितला, बाराशे चाळीस.
ती म्हणाली, "बरा आहे की."

शिकवलं होतं का कधी?
शाळेतून आली की पायाशी बसून
दोऱ्याला मेण लावायची, दाभणात ओवून द्यायची.
टाका घालू दिला नाही एकदाही.
बोटाला लागेल म्हणून.

रात्री दीडला शटर वर केलं,
रावेरच्या एकाची फाटकी ताडपत्री ओढली
आणि शिवत बसलो. त्यानं तिला काही होणार नव्हतं.
हात ऐकत नव्हते, एवढंच.

बुधवारी पाच. गुरुवारी साडेपाच, नंतर चार.
शुक्रवारी दुपारी, मी पैसे मोजत असताना,
अकरा.
रमजान म्हणाला, "शिवलं वाटतं."
मी म्हणालो, "वाटतं." पैसे पुन्हा पहिल्यापासून मोजले.

बारावी आली.
पेपरात फोटो: ती, सुजलेले ओठ, हातात फुलं.
सगळे तिच्याकडे पाहत होते.
मी मोबाइलवर तोच फोटो दोन बोटांनी मोठा केला,
तिला बाजूला सारून शिडापर्यंत गेलो.

टाके कमीजास्त. एका ठिकाणी तर सरळ चुकलेत,
वर दुसरे घातलेत.
तिथून पुढं नऊ हजार मैल टिकलेत.
आणि गाठ बाहेरच्या बाजूला.

रमजान म्हणाला, "तुमचीच शिवण ना?"
"नाही," म्हणालो.

येत्या महिन्यात येते आहे, आठ दिवस.
तिला विचारायचंय,
गाठ बाहेर का ठेवली.