हिवरटेक, फलाट क्रमांक एक

दोनशे अठरा मीटर.
तीनदा मोजला. तिसऱ्यांदा ऐन दुपारी,
चव्वेचाळीसच्या उन्हात पोलादी टेप केसभर लांबतो
आणि त्याच्यापुढे फलाट आणखीच आखूड भरतो.
हे मी शेषराव उईकेला समजावलं; दुसरं टोक त्याच्या अंगठ्याखाली.
तो म्हणाला, "उनात सारंच वाढते मॅडम इथं,
लोखंड बी वाढते. ह्या फलाटालेच काय झालं?"

गाडी अठरा डब्यांची.
नवाला फलाट पुरतो.
दहाव्याखाली गिट्टी, तणकट,
आणि कुणाची तरी अंगठा तुटलेली चप्पल,
जी मी मोजणीत खूण म्हणून वापरली.
बाकीची गाडी फाटकावर आडवी.

लांबवायचा कुठे?
दक्षिणेला वळण. वळणावर फलाट नको, असं नियम सांगतो.
वळण नाल्यामुळे. नाला टेकडीमुळे.
टेकडीला कुणी विचारलेलं नाही.
पूर्वेला जिनिंगची भिंत, आत सरकी नाही की यंत्र नाही,
तीन भावांचा दावा तेवढा चालू आहे,
आणि दर तारखेला भिंतीवर नवा चुना.
पश्चिमेला रूळ, रुळांवर कोळसा.
उत्तरेला फाटक, फाटकाशी गफ्फारभाई.

मग मी जागा सोडून वेळ मागितली.
लिहिलं : गाडी दोनदा थांबवावी,
आधी पुढचे नऊ, मग जरा सरकून मागचे.
आठ दिवसांनी उत्तर आलं,
मालगाड्यांच्या रांगेमुळे जादा दोन मिनिटं देता येत नाहीत.
म्हणजे वेळेलाही दोन्ही अंगांनी भिंत होती,
तिला चुना नव्हता इतकंच.

त्या आठ दिवसांत सकाळची गाडी मी रोज पाहिली.
सहा-चाळीसला गफ्फारभाई फाटक लावतो,
दिव्यांच्या जुन्या कोठीतून संत्र्याची रिकामी पेटी काढतो,
दहाव्या डब्याच्या जागी उलटी ठेवतो,
टाचेनं दाबून पाहतो.
पार्बताबाई मसराम आधी टोपली वर देते,
मग पेटीवर पाय, मग दांडी, मग स्वतः.
मागून नर्सिंग शिकणाऱ्या दोघी, हातात चपला घेऊन.
मग डायलिसिसला निघालेले एक गुरुजी,
ज्यांना कुठली फळी करकरते ते पाठ आहे
आणि जे तिच्यावर पाय देत नाहीत.
गाडी सुटली की पेटी कोठीत.

रुळांलगत सामान ठेवायला मनाई आहे.
ते कलम मी कुणाला वाचून दाखवलं नाही.
पेटी मोजली मात्र. बत्तीस सेंटिमीटर.
वहीत लिहिली. अहवालात नाही.

शेवटी मंजूर झालं ते असं :
दिव्यांची कोठी पाडायची,
उतरणीचा ढाळ बदलायचा,
पाणपोई दीड मीटर मागे घ्यायची
आणि फाटकापर्यंत जे निघेल ते घ्यायचं.
निघाले चोवीस मीटर.
दीड वर्ष, सतरा सह्या, एक डबा.

शेषरावानं नव्या टोकाला फक्कीची रेघ मारली,
मागे सरकून पाहिली, जरा वाकडी वाटली म्हणून पुन्हा मारली.
गफ्फारभाई पेटी काखेत घेऊन आला.
"बेस झालं," म्हणाला. "दहाव्याची कटकट गेली.
कोठी पडली तं पेटी मी घरून आनत जाईन.
पन मॅडम, आता कोन्या डब्याले लावू?"

"अकराव्या," मी म्हणाले. हिशोब सोपा होता.

त्यानं रेघेपासून पावलं टाकली, मोजून,
आणि थांबला तो ऐन डांबरी सडकेवर,
फाटकाच्या दोन दांड्यांच्या मधोमध,
पेटी हातात, खाली ठेवावी की नाही अशा बेतानं.
पलीकडे एक मोटरसायकल, एक कडब्याची बंडी खोळंबलेली.

सडकेवर पेटीला मनाई आहे का,
मला कलम आठवेना.
टेप तसाच पसरलेला, उन्हात
केसभर लांबत.