वर्गाचा फोटो

कॅम्पातल्या कॉन्व्हेंटात उजेड जुळवताना घाम फुटतो.
पहिल्या रांगेत शिरीन, कागदासारखी गोरी,
तिच्या खांद्याला खेटून सुदानचा इद्रिस.
तिला धरलं तर तो अंधारात बुडतो,
त्याला उजळलं तर ती पुसून जाते.
सिस्टर म्हणतात, दोघांना मध्येच ठेवा,
माहितीपत्रकावर छापायचंय.
'चीज' म्हटलं की बावन्न बत्तिशा एकदम.

दुपारी भवानी पेठेत, पालिकेची शाळा.
इथं उजेड एकदा लावला की पुरतो,
उन्हानं सगळ्यांना एकाच हातानं रंगवलंय.
पण 'हसा' म्हटलं तर हसतं कोण?
यल्लव्वाला 'नगु' म्हणावं लागतं,
वॉचमनच्या धनमायाला 'हाँस',
आणि बिहारचा नौशाद कशालाच हसत नाही.
गुरुजींच्या रजिस्टरात
सगळ्यांपुढे एकच : मातृभाषा मराठी.

कॉन्व्हेंटच्या बावन्न प्रती गेल्या, पाकिटासकट.
पालिकेची एकच,
हेडबाईंच्या खोलीत, काचेआड.

परवा राहिलेले पैसे मागायला गेलो, तर काच
खालच्या बाजूनं बोटांनी बरबटलेली.
शिपाई म्हणाला, पुसून पुसून दमलो,
त्या नौशादच्या तोंडावर तर
भोक पडायचंच बाकी आहे.