अकराने भाग

दौलतगंजात, गजकवाल्याच्या वरच्या खोलीत
लघाटे सर शिकवायचे.
खाली तीळगूळ कुटायच्या मोगऱ्या पडत, धप्, धप्,
आणि वर आम्ही घात चढवत बसायचो,
जानेवारीच्या कोहऱ्यात, मफलरीत नाकं खुपसून.

सर नॅरोगेजच्या हिशेबखात्यातून निवृत्त.
फळा नव्हता. मालाच्या जुन्या पावत्यांची कोरी पाठ होती,
आणि आम्ही दहा जण.
सतरंजीवर एक ते दहा असे बसवले.
"प्रत्येकाने आपला घन करायचा. बेरजेला अकराने भाग जातो का?
गुणाकार करत बसेल त्याला चहा नाही."

मी चार. समोर सात: नईम, शिंप्यांच्या गल्लीतला,
बाहीला कायम एखादा पांढरा दोरा.
चार नि सात अकरा.
म्हणजे अकराच्या घरात सात हा उणे चारच, सर म्हणाले,
आणि विषम घाताला उणं उणंच राहतं,
कितीही वर न्या, विसरत नाही.
चौसष्ट नि तीनशे त्रेचाळीस, चारशे सात.
नईमने तरीही पावतीवर भागून पाहिलं:
सदतीस वेळा. बाकी काही नाही.
पाच जोड्या उठल्या, चहाला गेल्या.

मग वर्ग.
वर्गाला उण्याची आठवण नसते.
सोळा नि एकोणपन्नास पासष्ट, बाकी दहा.
एक जोडी धड जुळेना.
वत्सला पागनीस, आकडा नऊ, रडकुंडीला आली.
"जोड्या सोडा, सगळे एकत्र बसा."
तीनशे पंच्याऐंशी.
अकरा पस्ते.
कुणाचं कुणाशी पटलं नाही तरी घर चालतं,
असं काहीसं पुटपुटत सरांनी खिडकी लावली.

दहावा घात पुढच्या थंडीवर ठेवला होता.
पुढच्या थंडीत मी बारावीची गाइडं पाठ करत होते.

तो काढला आम्ही सव्वीस वर्षांनी,
सरांच्या दहाव्याला,
सागरतालच्या काठी, कावळा येईना म्हणून ताटकळत.
मी महालेखाकार ऑफिसातून अर्धी रजा टाकलेली.
नईम कडेला उभा, बूट हातात.
"तो राहिलेला केलास का कधी?"

काडीने मातीवर:
चाराचा वर्ग पाच, पाचाचा तीन,
तीन चोक बारा, म्हणजे एक. एकाचा वर्ग एक.
नईमचा पाचव्याला उणे एक, दहाव्याला एक.
वत्सलाचा एक.
पलीकडच्या घोरपड्यांचा, तीन नंबर, टक्कल पडलेला,
त्याचाही एक.
लहान कोण, मोठा कोण, सगळ्यांची बाकी तीच.

दहा जण. दहा एक.
भाग जाईना.

वत्सलाने पुन्हा मोजलं,
एकेकाकडे बोट करत,
आणि दहा झाल्यावरही
बोट खाली घेतलं नाही.