डावा डोळा, उजवा डोळा

प्रयोगशाळेत दोन्ही फोन एकाच स्टँडवर,
खांद्याला खांदा लावून, लग्नाच्या फोटोतल्यासारखे.
समोर रबरी मुंडकं. त्याचं नाव आम्ही ठेवलंय रेइनो;
नावं ठेवायचा तर आम्हाला पगारच मिळतो.
बाजूला चोवीस रंगांचा तक्ता.
दिवा मंद, दिवा मध्यम, दिवा पूर्ण.
सहा वर्षांत रेइनोची पापणी लवलेली नाही.
पहिला फोन त्याचे गाल गुलाबी करतो,
दुसरा आहेत तसे ठेवतो, पिठूळ.
मी आकडे भरते.

शुक्रवारी दोन्ही खिशात घालून
औलूहून हायलुओतो बेटावर गेले, गाडीने, समुद्रावरून.
(फेब्रुवारीत आमचा समुद्र रस्ता होतो. थट्टा नाही.)
बाबा बर्फाला भोक पाडून बसलेले,
उपड्या बादलीवर, संध्याकाळच्या निळ्या काळोखात.

पहिला फोन म्हणाला, तीन सेकंद हात हलवू नका,
आणि बर्फावर दुपार करून टाकली.
मिशीतला केस न् केस मोजून घ्यावा.
सुरकुत्या मात्र थोड्या कमी केल्या,
न विचारता,
शेजारणीने आपलं घर आवरून द्यावं तशा.
दुसऱ्याने काळोख काळोखच ठेवला,
रवाळ, थिजलेल्या तुपासारखा.
त्यात बाबा म्हणजे एक डाग
आणि कंदिलाचा ठिपका.

"बघा. खरा कुठला?"
बाबांनी हातमोजा दाताने ओढून काढला.
फोन राहिले बाजूला.
त्यांनी उजवा डोळा मिटला. मग डावा. मग पुन्हा उजवा.

नोव्हेंबरात डाव्याचा मोतीबिंदू काढला,
उजव्याचा मार्चमध्ये काढायचाय.
"ह्या नव्याने बर्फ निळा दिसतो," ते म्हणाले,
"इतका, की वाटलं कुणी शाई सांडली.
जुन्याने चहात बुडवलेला.
इतकी वर्षं मी चहातला बर्फ बघतोय,
आणि एकाने सांगू नये?"

माझ्या जिभेवर शब्द आला, व्हाइट बॅलन्स.
गिळला.

"तुझी आई," ते म्हणाले, आणि दोरी हलली.
पर्च. तळहाताएवढा, अंगावर काळे पट्टे.
तो असा तडफडला
की दोन्ही फोनांत नुसता फराटा उमटला.
दोघांनाही शून्य, मी मनात लिहिलं.

"तर तुझी आई,"
लोण्यात मासा परतताना त्यांनी वाक्य उचललं,
जिथे टाकलं होतं तिथूनच,
"शेवटची दहा वर्षं मला पिवळसर दिसायची.
खिडकीशी उन्हात बसल्यासारखी.
मी समजायचो, ही तिचीच कांती."
कालथा थांबला. लोणी करपायला लागलं.
"मार्चची तारीख पुढे ढकलता येते का बघ."

सोमवारी रेइनो तसाच.
अहवालात एक रकाना असतो: नैसर्गिकता, दहापैकी.
तो रिकामा ठेवून सगळे जेवायला गेल्यावर
मी एक डोळा मिटला. मग दुसरा.
रेइनोचे गाल दोन्हींकडून सारखेच.
अजून तरी.