डावखुरी कानस

ठसा आधी बोटाला कळतो, मग डोळ्याला.
म्हणून मी दिवा आडवा धरते, टेबलाला टेकवून;
उन्हं कलल्यावर नांगरटीतल्या सऱ्या उठून दिसाव्यात
तसं लाकडातलं अक्षर सावली टाकतं.
एक चांदणी. तिच्याखाली वीणेसारखं काहीतरी.
मग एक नाव, अर्धं घामानं खाल्लेलं,
आणि हॅम्बुर्ग.

समोर फ्युर्टहून आलेले लांगहामर बसलेत.
टॉवेलात गुंडाळून आणलंय त्यांनी क्लॅरिनेट,
नुकत्याच न्हाऊ घातलेल्या तान्ह्यासारखं.
त्यांना कागद हवाय, सहीशिक्क्याचा:
हे पणजोबांनी केलं, इथेच,
आमच्या क्रास्लित्सेला ग्रासलित्स म्हणायचे तेव्हा,
गावातल्या पाट्या दुसऱ्या भाषेत होत्या तेव्हा.
ते माझ्या खिडकीतून नदीकडे बघतात,
कुणाच्या तरी घरात उभे असल्यासारखे.

हॅम्बुर्गच्या त्या दुकानात लेथ नव्हता, मी सांगते.
गल्ला होता, आरसे होते,
आणि तापवून लाकडावर दाबायचा एक ठसा.
इथून डझनावारी माल जायचा, बिननावाचा;
बारसं तिकडे.
लंडनला उतरला तर लंडनचा,
ओडेसाला उतरला तर ओडेसाचा.
एका ओंडक्याची भावंडं,
बंदरागणिक आडनाव वेगळं.

म्हणजे नाव सोडून द्यायचं.
मग काय उरतं?
बॉक्सवुडचा रंग, जुन्या लोण्यासारखा.
हस्तिदंती कड्या, तिसरीला चीर.
स्वरांची छिद्रं आतून किती कोरलीत
ते मी मेणाचा ठसा घेऊन बघते,
दाताच्या डॉक्टरसारखी. लांगहामर खोकतात.
तेरा चाव्या. एकेक उकलते.
सुकलेली चामड्याची गादी निघते, तिच्यामागे धूळ,
एक राखाडी केस (वाजवणाऱ्याचा? मांजराचा?)
आणि चावीच्या पोटाला, जिथे कुणी बघणार नाही तिथे,
कानशीचे ओरखडे.

डावीकडे झुकलेले.

मी उठते. तिसरा खण जरा अडतो, त्याला गुडघा लावते.
सात क्लॅरिनेटं काढून त्यांच्यापुढे मांडते.
सात दुकानांची सात नावं, एकावर तर मुकुटसुद्धा.
सगळ्या चाव्या उलट्या करते.
सगळीकडे तोच हात,
उजव्या हाताच्या गावात उलटा चाललेला,
शेवटच्या घासेला किंचित उचललेला,
जसं कुणी वाक्य संपवताना श्वास घ्यावा.

एका जुन्या हिशेबाच्या वहीत एवढंच आहे:
चाव्या घासणे, घरी. नदीपलीकडे. डझनाला अमुक.
मजुरी पोचली. पोचवणाऱ्या पोराचं नाव आहे.
घेणाऱ्याचं नाही.

लांगहामर बराच वेळ गप्प.
मग म्हणतात, पणजोबा उजवेच होते.
फोटो आहे, बिलियर्डची काठी धरलेला.
मी विचारते, आणि पणजी?

ते तोंड उघडतात, मिटतात.
त्याच फोटोत आहे, म्हणतात, कडेला.
हात दिसत नाहीत. कडेवर पोर, पोरावर शाल.
आणि मग, माझ्याशी नव्हे,
त्या आठ वाद्यांशी बोलल्यासारखे म्हणतात,
तिचं नाव मला विचारू नका,
आम्ही सगळे तिला आई लांगहामर म्हणत आलो.

मी कागद देत नाही. देता येत नाही.
घरकाम घेणाऱ्या बायका तेव्हा गल्लीगल्लीत होत्या,
त्यातल्या डावऱ्या किती, ते कोणी मोजलंय?
हे मी त्यांना बोलूनही दाखवते.
ते मान हलवतात, तरी टॉवेलाची घडी घालत नाहीत.
ठेवा इथेच, म्हणतात, भावंडांत.

ते गेल्यावर मी नोंदवही उघडते.
आठवा आकडा. लाकूड, चाव्या, कड्या, चीर.
दुकान: हॅम्बुर्ग.
करणाऱ्याच्या रकान्यात पेन टेकवून बसते,
बाहेर शाळा सुटल्याचा गोंगाट,
आणि शेवटी एक छोटी तिरकी रेघ ओढते,
डावीकडे झुकलेली.
माझ्या हाताला ती जरा अवघड जाते.